पर्वत विकत घेतला आणि देऊन टाकला!

समजा, सुट्टी लागलीय. आई-बाबा, धाकटी बहीण आणि तुम्ही, असे सगळे गाडीत बसून कॅम्पिंगला निघालात. जायचंय अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन नावाच्या राज्यात. तिथलं बॅक्स्टर स्टेट पार्क म्हणजे दाट जंगल, तळी, ओढे आणि उभा ठाकलेला कटाडिन पर्वत. तुम्ही गेटवर पोहोचता आणि तिथूनच नियम सुरू होतात. गाडीत कुत्रा असेल तर आत प्रवेश नाही. मोटारसायकलवर आला असाल तर तुम्हालाही नाही. मोठी कॅम्पर व्हॅन आणली असेल तर ती बाहेर ठेवा. आतला रस्ता मातीचा, अरुंद आणि वेगमर्यादा ताशी जेमतेम बत्तीस किलोमीटर. आत वीज नाही, नळ नाही, दुकान नाही. पाणी ओढ्याचं, ते उकळून किंवा शुद्ध करून प्यायचं. मोठ्याने गाणी लावायची नाहीत. जो कचरा कराल तो बांधून परत घरी न्यायचा.

मुक्कामाला एक लाकडी ओटा मिळतो, तीन बाजूंनी ओंडक्यांच्या भिंती, वर छप्पर आणि चौथी बाजू सताड उघडी. नाहीतर तंबू ठोकायला मोकळी जागा. शेजारी शेकोटीसाठी दगडी आळं, एक लाकडी टेबल आणि थोडं लांब साधं संडास. बस्स. तरीही उन्हाळ्यात इथे जागा मिळवण्यासाठी लोक महिनोन् महिने आधी नोंदणी करतात. आई-बाप पोरांना घेऊन येतात आणि ती पोरं मोठी झाली की आपल्या पोरांना घेऊन येतात.

हे असं, मुद्दाम गैरसोयीचं पार्क कुणी बनवलं? सरकारी समितीने? पर्यावरणवादी संघटनेने? नाही. एका माणसाने. त्याचं नाव पर्सिव्हल प्रॉक्टर बॅक्स्टर. तो राज्याचा गव्हर्नर होता, म्हणजे साधारण आपल्याकडच्या मुख्यमंत्र्याच्या तोडीचं पद. पण हे पार्क त्याने गव्हर्नर असताना बनवलं नाही. गव्हर्नर असताना त्याला ते जमलंच नाही. त्याची गोष्ट खरं म्हणजे तिथूनच सुरू होते.

श्रीमंताघरचं पोर

पर्सिव्हलचा जन्म २२ नोव्हेंबर १८७६ चा, मेनमधल्या पोर्टलंड शहरातला. वडील जेम्स फिनी बॅक्स्टर हे बडं प्रस्थ. डबाबंद खाद्यपदार्थांच्या धंद्यात त्यांनी बक्कळ पैसा कमावला आणि पुढे ते अनेकदा पोर्टलंडचे महापौर झाले. शहराला त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत बांधून दिली. खाडीच्या कडेने झाडांनी वेढलेला, लोकांना फिरता येईल असा रस्ता करायचा त्यांनी ध्यास घेतला. त्या काळी त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली, की हा माणूस शहराचा पैसा उडवतोय. आज पोर्टलंडची माणसं त्याच रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ फिरतात, पळतात.

म्हणजे सार्वजनिक जागेसाठी खिशात हात घालायचा आणि वर शिव्याही खायच्या, हे पर्सिव्हलने घरातच पाहिलं होतं.

वडिलांनी त्याला आणखी एक वेड लावलं, ते म्हणजे मासेमारीचं. मेनच्या आतल्या भागात तळीच तळी आहेत. बाप-लेक तिथे जायचे, रानातल्या लाकडी खोप्यांत राहायचे. मोठा मासा पकडलास तर वजनाप्रमाणे बक्षीस, असं वडिलांनी सांगितलेलं. छोट्या पर्सिव्हलने खरोखरच दणदणीत ट्राउट पकडला आणि बक्षिसाचे पैसे खर्च न करता बँकेत टाकले. पुढच्या आयुष्यात या माणसाने पैशाचं जे काही केलं, त्याची चुणूक तुम्हाला इथेच दिसेल.

बोडिन कॉलेजमधून तो १८९८ मध्ये पदवीधर झाला. कॉलेजात असताना तिथलं साहित्यिक नियतकालिक सुरू करणाऱ्यांमध्ये तो होता. नंतर हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली. पण वकिली करण्यापेक्षा त्याने घरच्या मालमत्तेचा कारभार पाहिला आणि तो राजकारणात उतरला. लग्न त्याने कधीच केलं नाही. आयरिश सेटर जातीचे लालसर कुत्रे हेच त्याचं घरदार.

डोंगर आधी लांबून दिसला

१९०३ मध्ये बाप-लेक किडनी पाँड नावाच्या तळ्यावर मासे पकडायला गेले. तिथून समोर कटाडिन दिसतो. उंची सुमारे ५,२६७ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा किंचित कमी. पण आजूबाजूचा प्रदेश सखल असल्यामुळे हा पहाड एकटाच आभाळात घुसल्यासारखा वाटतो. वरती झाडं संपतात आणि नुसता ग्रॅनाइटचा खडक उरतो.

हा डोंगर काही पर्सिव्हलने शोधलेला नव्हता, हे इथेच सांगायला हवं. पेनॉबस्कॉट या मूळ रहिवाशांसाठी तो शतकानुशतकं पवित्र होता, आहे. कटाडिन हे नावही त्यांचंच, अर्थ साधारण सर्वांत मोठा पर्वत असा. शिखरावर पामोला नावाची शक्ती राहते आणि तिला माणसांची लुडबुड आवडत नाही, अशी त्यांची श्रद्धा. १८४६ मध्ये लेखक हेन्री डेव्हिड थोरो हा डोंगर चढायला गेला. ढगांनी त्याला गाठलं आणि माथ्यापर्यंत न पोहोचताच तो खाली उतरला.

पर्सिव्हलच्या काळात मात्र डोंगराची मालकी होती कागद कंपन्यांकडे आणि लाकूड व्यापाऱ्यांकडे. मेनच्या उत्तरेकडचं बहुतेक सगळं जंगल खासगी मालकीचं होतं. झाडं तोडायची, ओंडके नदीत सोडायचे आणि गिरणीत लगदा करून कागद बनवायचा. यातली सर्वांत ताकदवान कंपनी होती ग्रेट नॉर्दर्न पेपर कंपनी. हजारो माणसांची चूल तिच्यावर पेटत होती आणि राजकारण्यांवर तिचं वजनही तेवढंच होतं.

विधिमंडळात गेलेल्या बॅक्स्टरने मागणी मांडली, की कटाडिन आणि आजूबाजूचं रान राज्याने विकत घ्यावं आणि ते लोकांचं पार्क करावं. १९१९ मध्ये त्याने त्यासाठी विधेयक आणलं. ते पडलं.

१९२० मध्ये तो स्वतः कटाडिन चढला. या डोंगरावर एक भाग आहे, त्याला सुरीची धार म्हणतात. दोन्ही बाजूंना खोल दरी आणि मधून जेमतेम पाऊल मावेल अशी दगडांची कड. चाळिशी ओलांडलेला, शहरात वाढलेला हा गडी ती कड पार करून माथ्यावर पोहोचला. खाली उतरला तो या डोंगराचा होऊनच, असं म्हटलं तरी चालेल.

खुर्ची मिळाली, डोंगर नाही

जानेवारी १९२१. बॅक्स्टर आता राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष होता. त्याने कटाडिनच्या पार्कसाठी एक मोठं भाषण केलं. जंगल कुणाच्या मालकीचं, त्याचा पैसा कुणाच्या खिशात जातो आणि सामान्य माणसाला काय मिळतं, असा सगळा हिशोब त्यात मांडला. आणि त्यानंतर काही दिवसांतच, ३१ जानेवारीला, नुकतेच पदावर आलेले गव्हर्नर फ्रेडरिक पार्कहर्स्ट वारले. सिनेटचा अध्यक्ष म्हणून त्यांची जागा आली बॅक्स्टरकडे. वय ४४.

तुम्हाला वाटेल, झालं! आता काय, सही केली की पार्क तयार. पण तसं होत नसतं. पैसे मंजूर करायचे विधिमंडळाने, आणि तिथे कागद कंपनीचा शब्द चालायचा. गव्हर्नर बॅक्स्टरचं आणि कंपनीचं नद्यांच्या पाण्यावरूनही वाजलं होतं. नदी लोकांची, तिच्या पाण्यावर वीज करून नफा मात्र कंपनीचा, हे त्याला मान्य नव्हतं. त्यामुळे पार्कचा विषय निघाला की समोरचे लोक हात वर करून मोकळे व्हायचे. कधी पैसा नाही म्हणून, कधी एवढ्या लांबच्या डोंगराचं करायचं काय म्हणून.

चार वर्षं तो गव्हर्नर राहिला. या काळात त्याने बऱ्याच जणांचा रोष ओढवून घेतला. कू क्लक्स क्लान ही वंशद्वेषी संघटना तेव्हा मेनमध्ये जोरात होती आणि मतांच्या हिशोबाने गप्प बसणं सोयीचं होतं. बॅक्स्टरने तिला उघड विरोध केला. शाळांमध्ये जिवंत प्राण्यांची चिरफाड होऊ नये म्हणून तो भांडला. १९२३ मध्ये त्याचा लाडका कुत्रा गॅरी मेला, तेव्हा राज्याच्या मुख्य इमारतीवरचा झेंडा त्याने अर्ध्यावर उतरवला! युद्धातून परतलेले सैनिक भडकले. झेंडा कुत्र्यासाठी उतरवायचा? देशभर चर्चा झाली. बॅक्स्टरने माघार घेतली नाही. योग्य की अयोग्य, तुम्हीच ठरवा. पण हा माणूस कसा होता, ते यातून कळतं. डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की बसली.

जानेवारी १९२५ मध्ये त्याची मुदत संपली. खुर्ची गेली. पार्क झालंच नव्हतं.

मग स्वतःच्या खिशातून

इथे थांबून विचार करा. तुम्ही एखाद्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं झटलात. मत मागितलं, हरलात. पद मिळालं, तरी हरलात. आता तर पदही नाही. यापुढे काय करणार? बहुतेक माणसं इथे कडवट होतात. आत्मचरित्र लिहितात आणि त्यात सगळ्यांचे हिशोब चुकते करतात.

बॅक्स्टरने ठरवलं, राज्य विकत घेत नाही ना, मग मी घेतो.

कंपनी तरी कशी विकणार? ज्याने आपल्याला जाहीर झोडपलं त्या माणसाला? पण १९२८ मध्ये कंपनीचे जुने अध्यक्ष गॅरेट शेंक वारले. त्यांच्यानंतर आलेल्या माणसांशी बोलणं शक्य होतं. त्यातच १९२९ ची मंदी आली आणि जमिनीला गिऱ्हाईक मिळणं मुश्कील झालं. १९३० मध्ये बॅक्स्टरने ग्रेट नॉर्दर्नकडून कटाडिनसह ५,९६० एकर जमीन २५,००० डॉलरला घेतली. एकरी जेमतेम सव्वाचार डॉलर. सगळा वरचा खडक आणि तीव्र उतार, कंपनीच्या दृष्टीने लाकूड फारसं नाही. बॅक्स्टरच्या दृष्टीने मात्र जे हवं होतं ते सगळं तिथेच होतं.

१९३१ मध्ये त्याने ती जमीन मेन राज्याला देऊन टाकली. फुकट, पण अटींवर. जागा कायम लोकांच्या विरंगुळ्यासाठी ठेवायची. तिचं रानपण जपायचं. पशुपक्ष्यांना तिथे अभय द्यायचं. आणि मोटारींसाठी रस्ते फोडायचे नाहीत.

ज्या विधिमंडळाने पैसे नाकारले होते, त्यानेच आता ही भेट स्वीकारली आणि सर्वांत उंच शिखराला बॅक्स्टर पीक असं नाव दिलं. दोन वर्षांनी पार्कलाही त्याचंच नाव मिळालं.

१९३० च्या दशकात सरकारने बेरोजगार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर ही योजना काढली होती. तुमच्याच वयाची पोरं, महिना ३० डॉलर पगार आणि त्यातले २५ थेट घरी पाठवायचे. या पोरांनी कटाडिनच्या पायथ्याशी वाटा नीट केल्या, मुक्कामाच्या जागा उभारल्या. आज तिथे जो तंबू पडतो, त्याखालच्या जमिनीवर कधीतरी याच पोरांचा घाम पडलाय.

नको, मोठं नाव नको

१९३७ मध्ये एक नवं वळण आलं. मेनचे खासदार आणि बॅक्स्टरनंतर गव्हर्नर झालेले ओवेन ब्रूस्टर यांनी अमेरिकी काँग्रेसमध्ये प्रस्ताव आणला, की कटाडिनचं नॅशनल पार्क करावं. म्हणजे केंद्राचा पैसा, केंद्राचे अधिकारी, देशभर प्रसिद्धी. ॲपलेशियन ट्रेल ही हजारो किलोमीटरची पायवाट त्याच वर्षी पूर्ण झाली होती आणि तिचं उत्तरेचं टोक कटाडिनच्या माथ्यावर होतं. त्या पायवाटेसाठी राबणारे काही जण नॅशनल पार्कच्या बाजूने होते. राज्याकडे देखभालीला माणसं नाहीत, पैसा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोटंही नव्हतं.

बॅक्स्टर मात्र पेटून उठला. त्याला भीती होती ती रुंद डांबरी रस्त्यांची, हॉटेलांची आणि गर्दीची. शिवाय आपण दिलेला शब्द वॉशिंग्टनमधला कुणीतरी बदलेल, हे त्याला सहन होईना. त्याने पत्रं लिहिली, ओळखी वापरल्या, जुने वैरी-मित्र सगळे गोळा केले. तो प्रस्ताव बारगळला.

पण या भांडणातून तो एक गोष्ट शिकला. सहा हजार एकर पुरेसे नाहीत. डोंगर वाचवायचा तर त्याच्या भोवतीचं रानही हवं.

बत्तीस वर्षांचं कोडं

मग सुरू झाला एक लांबलचक खेळ. एक तुकडा घ्यायचा, राज्याला द्यायचा. मग शेजारच्या तुकड्याच्या मालकाला गाठायचं. काही जमिनी अनेक वारसांच्या सामाईक मालकीच्या. काही मालक अडून बसलेले. काही ठिकाणी कंपनी म्हणायची, जमीन घ्या, पण अजून काही वर्षं झाडं आम्ही तोडणार. बॅक्स्टर म्हणायचा, ठीक, तोडा, मग द्या. त्याला माहीत होतं, झाड पुन्हा वाढतं, जमीन एकदा हातची गेली की परत मिळत नाही.

त्याने तडजोडीही केल्या. उत्तरेकडच्या गावांतली माणसं पिढ्यान् पिढ्या त्या रानात शिकार करायची. सगळीकडे बंदी घातली तर तीच माणसं पार्कच्या विरोधात जातील, हे त्याने ओळखलं आणि काही भागांत शिकारीला मुभा ठेवली. वायव्येचा एक मोठा पट्टा त्याने शास्त्रीय पद्धतीच्या वनशेतीसाठी राखला. जंगल न संपवता लाकूड कसं घ्यावं, हे कंपन्यांना दिसावं म्हणून. म्हणजे हट्टी होता, पण आंधळा नव्हता.

१९६२ पर्यंत, बत्तीस वर्षांत, अशा २८ देणग्या झाल्या. एकूण २,०१,०१८ एकर, सुमारे ८१३ चौरस किलोमीटर. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जवळपास आठपट. शेवटचा तुकडा दिला तेव्हा तो ८५ वर्षांचा होता.

प्रत्येक वेळी तो अटी घालायचा आणि त्या कायद्यात बांधून घ्यायचा. कारण जे त्याने स्वतः सोसलं होतं ते तो विसरला नव्हता. एक विधिमंडळ देतं, दुसरं काढून घेतं. म्हणून पार्कचा कारभार कुठल्या एका खात्याकडे न देता राज्याचे ॲटर्नी जनरल, वनखात्याचे प्रमुख आणि वन्यजीव-मत्स्यखात्याचे प्रमुख अशा तिघांच्या मंडळाकडे सोपवला गेला. मागे त्याने मोठा निधीही ठेवला. त्यामुळे आजही हे पार्क राज्याच्या करांच्या पैशावर चालत नाही. निधीचं उत्पन्न आणि येणाऱ्यांची फी यांवर चालतं. मेनच्या रहिवाशांच्या गाडीला प्रवेश फी नाही, बाहेरच्यांना आहे.

रान म्हणजे रानच

इथे कुटुंबं येतात, पण हे रान लाड करत नाही. जुलै १९३९ मध्ये डॉन फेंडलर नावाचा १२ वर्षांचा मुलगा वडील आणि भावांसोबत कटाडिन चढायला आला. माथ्याजवळ ढग उतरले, तो इतरांपासून वेगळा झाला आणि वाट चुकला. शेकडो माणसं त्याला शोधत होती. तो मात्र ओढ्याच्या काठाकाठाने चालत राहिला. बूट गेले, कपडे फाटले, रानातली बोरं खाऊन दिवस काढले. नवव्या दिवशी पेनॉबस्कॉट नदीच्या काठावरच्या एका मुक्कामाशी तो पोहोचला. जिवंत! पुढे त्याचा अनुभव पुस्तकरूपाने आला आणि मेनमधल्या कित्येक शाळकरी मुलांनी तो वाचला.

अशा घटनेनंतर सोपं काय होतं? माथ्यापर्यंत रस्ता काढा, कठडे लावा, वर चहाची टपरी टाका. तसं झालं नाही. त्याऐवजी माणसाला तयार करायचे नियम आले. प्रत्येक मुक्कामावर रेंजर. डोंगरावर जाताना नोंद करायची. अगदी लहान पोरांना झाडांच्या रेषेच्या वर नेऊ द्यायचं नाही. हवा बिघडली तर वाटा बंद. अस्वलाच्या भीतीने खाणं तंबूत ठेवायचं नाही. चिमनी पाँड या तळ्याकाठच्या मुक्कामावर गाडी जातच नाही, सव्वातीन मैल सामान पाठीवर घेऊन चढावं लागतं. तिथे शेकोटीही पेटवायची नाही. पण पहाटे उठलात की समोर कटाडिनची अख्खी भिंत आणि तळ्यात तिचं प्रतिबिंब. कधी पाण्यात गुडघाभर उतरून मूस नावाचं घोड्याहून उंच हरीण चरताना दिसतं.

आणि तो कुत्र्यांचा नियम! ज्या माणसाने कुत्र्यासाठी राज्याचा झेंडा खाली आणला, त्याच्याच पार्कात कुत्र्याला बंदी आहे. रानातल्या प्राण्यांना त्रास नको म्हणून. त्याचे स्वतःचे कुत्रे पोर्टलंडजवळच्या मॅकवर्थ बेटावर पुरलेले आहेत. ते बेटही त्याने राज्याला देऊन टाकलं. पुढे तिथे कर्णबधिर मुलांची शाळा उभी राहिली.

मेलेल्या माणसाचा शब्द

१२ जून १९६९ रोजी बॅक्स्टर वारला, ९२ वर्षांचा होऊन. त्याची राख त्याच्याच पार्कमध्ये विखुरली गेली.

तो गेल्यावर त्याच्या शब्दाची खरी परीक्षा लागली. नोव्हेंबर १९७४ मध्ये मोठं वादळ आलं आणि पार्कमधली असंख्य झाडं आडवी झाली. आता काय करायचं? पडलेलं लाकूड वाळलं की आगीचा धोका. म्हणून अवजड यंत्रं आणून ते उचलायला सुरुवात झाली. त्यावर काही नागरिक कोर्टात गेले. ही यंत्रं रानात घुसवणं बॅक्स्टरच्या अटींत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि १९७७ च्या जुलैमध्ये वीज पडून आग लागली. सुमारे साडेतीन हजार एकर रान जळालं.

मग वाद पेटला. लाकूड वेळेत हटवलं असतं तर? की वीज पडणं, जळणं आणि पुन्हा उगवणं हेच रानाचं जगणं? दोन्ही बाजूंची माणसं एकाच माणसाने लिहिलेली कागदपत्रं वाचून दाखवत होती. जळालेल्या जागी पुढे बर्च आणि इतर झाडं आपोआप उगवली. तिथे आज नवं जंगल आहे.

तुम्हाला एक प्रश्न पडायला हवा. एका श्रीमंत माणसाने आपल्या पैशाच्या जोरावर कायमचे नियम घालून द्यावेत आणि त्याच्यानंतर जन्मलेल्यांनी ते पाळत बसावं, हे लोकशाहीत बसतं का? बॅक्स्टरकडे बापाचा पैसा होता, म्हणून तो मतदानात हरूनही जिंकला. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्या पेनॉबस्कॉट लोकांचा हा डोंगर आधीच गेला होता, आणि खरेदीखतावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. हे झाकून त्याची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच्या बरोबरीच्या श्रीमंतांनी तलावाकाठी बंगले बांधले आणि भोवती कुंपणं घातली. याने दोन लाख एकर घेतले आणि स्वतःसाठी एक खोलीही बांधली नाही. म्हातारपणी तो दर उन्हाळ्यात गाडीने यायचा, रेंजरांची चौकशी करायचा, डोंगर बघायचा आणि परत जायचा. मालक म्हणून नाही, पाहुणा म्हणून.

तुमच्यापैकी कुणी कॉलेजच्या निवडणुकीत हरलं असेल. कुणी नदीसाठी, टेकडीसाठी किंवा एखाद्या जुन्या वडासाठी निवेदनं देऊन थकलं असेल. तुमच्याकडे बॅक्स्टरचा पैसा नसेल. पण त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती, ती पैशाने येत नाही. हरल्यावर त्याने मागणी सोडली नाही, फक्त रस्ता बदलला. आणि मग एक तुकडा, त्याला लागून दुसरा तुकडा, असं करत बत्तीस वर्षं तो थांबला नाही. एका झटक्यात सगळं हवं, असा आग्रह धरला असता तर १९३० मधले ते सहा हजार एकरही आले नसते.

आज रात्री तिथल्या एखाद्या उघड्या ओट्यावर कुणीतरी पोरगं झोपायच्या पिशवीत शिरून ओढ्याचा आवाज ऐकत पडलेलं असेल. मोबाइलला रेंज नाही म्हणून ते दिवसभर वैतागलेलंही असेल. बॅक्स्टर कोण, हे त्याला बहुधा ठाऊक नसेल. त्याने काही बिघडत नाही. ओढा वाहतोय, तेवढं पुरे.